बारावा

बाबा गेले त्या पहाटे ओहोटी लागली होती.
डॉक्टरांनी वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं.
म्हणजे बरोबर चार-दहाला
टास्मानियात, भर दुपारी, एका खाटकाच्या शीतघरात
पालथा पडून कॉम्प्रेसर उघडणारा डॅरिल
सर डॅरिल झाला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
किताब असाच जातो,
दार न वाजवता,
लेकींना वळसा घालून.

आम्ही तिघी.
मी झाले तेव्हा चर्चच्या घंटा वाजल्या म्हणे तासभर.
दुसरीच्या वेळी थोडक्यात आटपलं.
ऑड्रीच्या वेळी घंटा वाजवणारा
हेरिंग पकडायला गेला होता.

घर केव्हाच विकलं होतं, तुळयांतल्या किड्यांसकट.
बाबांकडे उरली होती नावाआधीची दोन अक्षरं.
शेवटी शेवटी नर्स म्हणायची, "सर, जरा कूस वळा,"
आणि बाबा पुटपुटायचे,
"विनी, ही सगळ्यांनाच सर म्हणते."

अंत्यविधीला लोक म्हणाले,
ऑस्विन थॉर्नहोपची सर कुणाला यायची!
आली की. डॅरिलला.
टपालखर्चही न लागता.

पण सरकारी नोंदवहीत नाव चढायला पुरावे लागतात.
जन्मांचे, लग्नांचे, मरणांचे,
आणि ते कुठल्या खणात आहेत
हे एकट्या मला ठाऊक.
मी फोन लावला. तो म्हणाला, "याचे पैसे भरावे लागतात का?"
नाही.
"मिळतात?"
नाही.
मग नुसती खरखर, सबंध पृथ्वीएवढी.
"आईला आवडलं असतं," म्हणाला,
आणि माझा राग, जो मी नीट घडी घालून ठेवला होता,
कुठे ठेवावा कळेना.

एक कागद सापडत नव्हता, पाचव्यांचा.
त्यांच्या आईच्या माहेरी गेले, बारा मैल, दोन बस बदलून.
गारठलेल्या चर्चमध्ये पाद्रीबाईंनी वही काढून दिली.
एडमंड, बाप्तिस्मा, मे १७९१.
आईबापांचं लग्न, सप्टेंबर.
तेच साल.
मी बोटांवर मोजलं. मग उलटं मोजलं.
खाडाखोड नव्हती.
कुणी लपवलं नव्हतं काही,
इतकंच की कुणी बारा मैल गेलं नव्हतं.

म्हणजे पाचवे, सहावे,
क्रिमियात तापाने गेलेले सातवे,
कुत्र्यांना चांदीच्या ताटात वाढणारे नववे,
आणि बाबा,
सगळे नुसते मिस्टर.

लग्नाच्या नोंदीखाली वधूची सही नाही. फुली आहे.
टॅमर, मेंढपाळाची मुलगी.
फुली इतकी दाबून मारलेली
की मागच्या पानावर ती बोटांना लागते.
जिन्यावरच्या अकरा तसबिरींत
माझं नाक कुठेच नव्हतं.
टॅमरची तसबीर कुणी काढली नाही.

घरी येऊन कागद लावले, सालवार.
तेही पान लावलं, जिथलं तिथे.
खुणेची चिठ्ठी लावली नाही.
वाचणाऱ्याने वाचावं,
नाहीतर डॅरिलच्या आईसाठी
तेवढं राहू द्यावं.

पोस्टात मिसेस हेडलींनी वजन केलं, दोनशे चाळीस ग्रॅम.
"एवढंच?" मी विचारलं.
पाठवणाऱ्याचं नाव, आणि त्याआधी चौकटी:
श्री, श्रीमती, कुमारी, इतर.
मागे रांग होती. एक म्हातारा खाकरला.
मी 'इतर'वर फुली मारली,
जरा जास्तच दाबून.
खालच्या प्रतीवर उठली, तिच्या खालच्याही.

पावती घेतली.
ऑड्रीने कांदे आणायला सांगितले होते.